अप्पांच्या सावलीतली द्राक्षं

द्राक्षाची छाटणी कधी करावी, हे पाऊस बघून, थंडी बघून, वेलीची काडी बघून ठरवतात. निदान मी मुलांना तसं शिकवते. आमच्या कॉलेजात मात्र छाटणीची तारीख ठरते संस्थापकांच्या वाढदिवसावरून.

संस्थापक म्हणजे उमाशंकर अप्पा. शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला त्यांनी काढलेलं कृषी महाविद्यालय आहे आणि तिथं मी उद्यानविद्या शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे ज्या दिवशी तास नाही त्या दिवशी मीही नाही. अप्पांचा जन्म किंक्रांतीचा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शुभकार्य करू नये म्हणतात, पण त्यांच्या आईचा नाइलाज झाला असणार. कॉलेजात हे कोणी बोलत नाही. उलट त्या दिवशी मांडव पडतो, भोंगे लागतात आणि अप्पांची तुला होते.

निलंग्याच्या एका लाकडाच्या वखारीतून मोठा तराजू आणतात. त्याला झेंडूच्या माळा बांधतात. एका पारड्यात अप्पा बसतात आणि दुसऱ्यात काहीबाही टाकत राहतात, अप्पा वर उचलले जाईपर्यंत. पूर्वी गूळ टाकायचे, मग वह्या. कॉलेजात द्राक्षबाग लागली तशी प्राचार्य रविकिरण सरांच्या सुपीक डोक्यातून द्राक्षतुला निघाली. डोकं सोडलं तर सरांचं काहीच सुपीक नाही. बाग लागल्यापासून हा माणूस एकदाही फाटकाच्या आत गेला नव्हता, कारण आत चिखल असतो आणि सरांचे बूट पांढरे असतात.

छाटणीपासून घड खायला यायला साडेचार महिने तरी लागतात. किंक्रांतीला द्राक्षं हवीत, म्हणून आमच्याकडे पोळा झाला की छाटणी. तेव्हा पाऊस भरात असतो. वेल फुलोऱ्यात येते आणि वरून धार लागलेली. पानांखाली पांढरी बुरशी धरते, तिला सगळे डाऊनी म्हणतात, आणि कोवळे घड फुलासकट काळे पडून गळतात. दरवर्षी हेच. मी दरवर्षी सांगते, सर दरवर्षी मान हलवतात, आणि दरवर्षी किंक्रांतीच्या पहाटे लातूरच्या मार्केटातून क्रेट भरून टेम्पो येतो. तो कॅन्टीनच्या मागं ताडपत्रीखाली लपवून उभा करतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

गेल्या वर्षी मात्र फजिती झाली. तालुक्यातला एक पोरगा मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. त्यानं तुला चालू असताना क्रेटवर छापलेलं व्यापाऱ्याचं नाव टिपलं आणि सरांना विचारलं, हे काय. सर म्हणाले, "क्रेट बाहेरचे हायेत, द्राक्षं आपली हायेत." तो तुकडा सगळ्या जिल्ह्यानं हसत हसत पाहिला. तेव्हा सरांनी शब्द दिला, की पुढच्या वर्षी कॅमेऱ्यासमोर वेलीवरून घड तोडू आणि त्यांनीच अप्पांना तोलू.

आता लुंबिनी. शेवटच्या वर्षाला आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला बागेतली एक ओळ देतात. ती त्यानं वर्षभर सांभाळायची. लुंबिनी मुरुडची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तिला सगळ्यात शेवटची ओळ मिळाली, विहिरीच्या पलीकडची, जिथं पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल चिखलातच राहते. पोरगी बोलायला कमी आणि बघायला जास्त. आदल्या उन्हाळ्यात ती तासगावकडं एका निर्यातदाराच्या बागांवर प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिथले बागप्रमुख मृत्युंजय यांनी तिला जाताना सांगितलं होतं, मार्कशीट मला नको, एक ओळ स्वतःच्या हातानं पिकवून दाखव, फेब्रुवारीअखेर मी येऊन बघतो. माल परदेशी पाठवण्याजोगा असला तर नोकरी. नाहीतर पुण्याच्या पेठेत जाऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचा, जिथं आमच्या आधीच्या दोन बॅचा खोल्यांमध्ये कुजत पडल्या आहेत. तिला ते नको होतं. तिला द्राक्ष हवं होतं.

पोळ्यानंतर छाटणीचा कार्यक्रम झाला. सरांनी फाटकाशी उभं राहून एक काडी कापली, तीही उद्घाटनाच्या फितीची कात्री घेऊन, आणि चुकीच्या डोळ्यावर, म्हणजे जिथून फूट यायची तिथंच. टाळ्या झाल्या. मुलं आपापल्या ओळीत गेली. लुंबिनीही गेली आणि गेली तशीच कोरडी कात्री घेऊन परत आली.

"मॅडम, मी आता न्हाई छाटत," ती मला म्हणाली. "दसरा होऊ द्या. पाऊस सरला की छाटते."

"काय म्हणालीस ते ऐकूच आलं नाही," मी म्हणाले. "विहिरीवरचा पंप फार वाजतो."

पंप बंद होता. ती हसली आणि गेली.

पुढचं सांगायला नकोच. भाद्रपदात आभाळ फाटलं. सगळ्या ओळींचे घड गळून पडले आणि लुंबिनीच्या वेली तोवर झोपलेल्या होत्या. दसरा झाल्यावर तिनं छाटणी केली. फूट आली, कोरड्या हवेत फुलोरा आला, मणी धरले. तिनं घडातले जास्तीचे मणी एकेक करून कात्रीनं विरळले. बाकीची पोरं तोवर स्टेजच्या पताका कापत होती, कारण ते काम गुणांचं असतं.

संक्रांत जवळ आली तेव्हा तिचे घड भरले होते, पण मणी अजून कडक आणि हिरवे. तोंडात टाकला तर कानशिलं आवळून येतील असे. रात्री थंडी आणि दिवसा चटका, अशा हवेत मण्यांवर गुलाबी छटा येते आणि तसला माल परदेशी कोणी घेत नाही. म्हणून या वक्ताला प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात आणि देठापाशी बांधतात. तासगावकडं सगळे करतात. आमच्याकडं अडचण एवढीच, की कॉलेजात पेपर येतो एक आणि तो सरांच्या केबिनमध्ये डबा पुसायला लागतो.

कागद सापडला स्टोअररूममध्ये. अप्पांच्या वाढदिवसाला दरवर्षी पेपरची खास पुरवणी निघते. संस्था तिचे गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेते, मुलांना वाटते, आणि उरलेले स्टोअरमध्ये फेकते. पहिल्या पानावर पानभर अप्पा. गॉगल, फेटा, हात वर केलेला. आत बारीक अक्षरात शुभेच्छुकांची नावं. शिपाई मडिवाळप्पा, कर्नाटकाच्या सीमेवरचे, निवृत्तीला टेकलेले, त्यांनी स्टोअरचं कुलूप काढून दिलं. म्हणाले, "घेऊन जा अव्वा. उंदरंबी खाईनात."

रंगाची शाई मण्यांना लागू नये म्हणून लुंबिनीनं रंगीत बाजू बाहेर ठेवली. अप्पा बाहेर, शुभेच्छुक आत. काम संपलं तेव्हा मी बघायला गेले. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अप्पा लटकत होते, गळ्याशी सुतळी बांधलेले. मी विहिरीच्या कठड्यावर बसून पोट धरून हसले. लुंबिनीला हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. ती म्हणाली, "कागद जाड हाय मॅडम. चांगला टिकंल."

संक्रांतीच्या दुपारी मी तिळाच्या पोळ्या लाटत होते तेव्हा रविकिरण सरांचा फोन आला. बागेत एकच ओळ फळाला आली आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"मॅडम, त्या पोरीची वळ हाय ना? उद्या सकाळी तोडून घ्या. क्यामेऱ्यापुढं."

"सर, ती आंबट आहेत. अजून मण्यात पाणी उतरलेलं नाही."

"तराजूला काय जीभ हाय का? वजन भरलं म्हंजे झालं."

"त्या ओळीवर तिची नोकरी आहे, सर."

"अन् माझी कशावर हाय?" सर म्हणाले आणि फोन ठेवला. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं एवढं एकच खरं वाक्य.

कोणी म्हणेल, बिचाऱ्याची कीव यायला हवी होती. मला नाही आली. मला तिडीक आली. मी लुंबिनीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, मला रडू येऊन राहिलं. पण रडत बसले तर राग निघून जाईल. मी उद्या येते."

किंक्रांतीच्या सकाळी वरात बागेत शिरली. पुढं रविकिरण सर, विजार घोट्यापर्यंत दुमडून, जन्मात पहिल्यांदा फाटकाच्या आत. मागं मडिवाळप्पा, कात्र्या घेतलेली पोरं, मोबाइल उंच धरलेला चॅनेलवाला, आणि मी. विहीर ओलांडून आम्ही शेवटच्या ओळीशी आलो आणि सर जागच्या जागी थांबले. वारा सुटला होता. सगळे अप्पा हलत होते.

लुंबिनी ओळीच्या तोंडाशी हात बांधून उभी होती.

"हे काय करून ठेवलं?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

"घड झाकलेत, सर."

सरांनी इकडं तिकडं बघितलं. चॅनेलवाला टिपत होता. सर हसून म्हणाले, "हां. तर मडिवाळप्पा, करा सुरुवात."

मडिवाळप्पा पहिल्या घडाशी गेले. घड तोडायचा तर देठावर कात्री लावावी लागते आणि देठ होता बरोबर अप्पांच्या फेट्याच्या वर, जिथं सुतळी आवळली होती. त्यांनी कात्री उघडली, अप्पांच्या तोंडाकडं बघितलं आणि मिटली.

"बेड सर, बेड. नको. माझ्यानं व्हायचं न्हाई. पेन्शनीला आलो मी."

"आधी कागद फाडा मग."

"फाडू?" मडिवाळप्पा दोन पावलं मागं सरले. "अप्पास्नी?"

सरांनी पोरांकडं बघितलं. परवापर्यंत पुढंपुढं करणारी पोरं एकमेकांच्या पाठीमागं जायला लागली. एकाला एकाएकी चप्पल तुटल्याचं ध्यानात आलं. मग सरांनी कात्री माझ्यापुढं धरली.

"सर, मी तासिका तत्त्वावर," मी म्हणाले. "असलं काम कायम नोकरीतल्या माणसानंच करावं."

शेवटी त्यांनी स्वतः कात्री उचलली. देठापाशी नेली. तेवढ्यात चॅनेलवाला म्हणाला, "सर, थोडं अंग चोरून उभं राहा ना. अप्पांचा चेहरा अन् तुमचा हात, दोन्ही एकत्र येऊ द्या." सरांचा हात तसाच हवेत राहिला आणि मग हळूहळू खाली आला. एवढा शिकलेला माणूस, नावापुढं डॉक्टर लावणारा, एका छापील कागदापुढं घामाघूम झाला होता.

तिकडं स्टेजवर वाट बघून कंटाळलेले अप्पा मोटारीत बसून बागेपर्यंत आले. चार माणसांचा आधार घेत ओळीशी पोचले. त्यांनी स्वतःला बघितलं. एकदा नाही, ओळभर.

"ह्या मॅडमच्या विद्यार्थिनीनं अप्पा, मला बिलकुल न इचारता…" सरांनी सुरुवात केली.

अप्पांच्या मिशा हलल्या. ते हसत होते.

"...आपल्याच कॉलेजची गुणी विद्यार्थिनी हाय, अप्पा," सरांनी वाक्य पुरं केलं.

"कामून केलं गं पोरी असं?" अप्पांनी विचारलं.

"ऊन लागू नये म्हणून," लुंबिनी म्हणाली. "उघडे राहिले तर रंग बिघडतो."

"म्हंजे माझ्या सावलीत हायेत म्हन की."

"हाव," ती म्हणाली. तेवढंच.

अप्पांचे डोळे भरून आले. खरंच आले. सगळ्या जन्मात त्या माणसाला कोणी एवढ्या ठिकाणी टांगलं नसेल. त्यांनी पोरांच्या हातातल्या कात्र्यांकडं बघितलं. "अन् तोडायला कोन निगालं होतं? एका घडालाबी हात लावायचा न्हाई कोनी."

"तेच सांगून राहिलो होतो मी ह्यांना," रविकिरण सर म्हणाले.

तुला झाली. कॅन्टीनच्या मागं, ताडपत्रीखाली, टेम्पो उभाच होता. स्वतःच्या शब्दावर सरांचाही भरवसा नसतो, त्यांची एवढी अक्कल मान्य केली पाहिजे. या वेळी क्रेटवरची नावं आधीच खरवडली होती. चॅनेलवाल्याला अप्पांच्या ओळीपुढं दुसरं काही सुचत नव्हतं, त्यामुळं विचारलंही नाही कोणी. भाषणात अप्पांनी जाहीर केलं, की आपल्या महाविद्यालयानं द्राक्षशेतीत छायापद्धत शोधून काढली आहे आणि पुढच्या साली सगळ्या बागेला ती लावू, नवा फोटो काढून.

ओळ वाचली म्हणून आम्ही दोघी खूश होतो. फार दिवस टिकली नाही ती खुशी. ओळ आता देवस्थान झाली होती. अप्पांचे पाहुणे येत, तिच्यापुढं उभं राहून फोटो काढत. सरांनी मडिवाळप्पांना खुर्ची टाकून राखणीला बसवलं. आणि फेब्रुवारीत मणी मऊ पडून साखर भरायला लागली तेव्हा मी तोडणीचं विचारायला गेले, तर सर म्हणाले, "कागद काढायचा न्हाई, मॅडम. अप्पांचा हुकूम हाय. पाहुणे येऊन राहिले."

"कागद काढल्याशिवाय तोडणीला आलेला घड कळत नाही, सर. तसेच राहिले तर आत सुकून मनुके होतील."

"होऊ द्या मनुके."

"ते तासगावचे साहेब सोमवारी येणार आहेत. ते काय बघणार?"

"अप्पा बघतील की," सर म्हणाले. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही, हेच मला जास्त झोंबलं. कात्रीतून सुटलेली ओळ त्याच फोटोच्या मागं आता सडणार होती. मी लुंबिनीला सांगितलं.

सोमवारी मृत्युंजय आले. साधा माणूस, पायात मळके बूट, खिशाला साखर मोजायची छोटी दुर्बीण अडकवलेली. ओळीशी येऊन त्यांनी टांगलेल्या अप्पांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हे कोण?"

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मडिवाळप्पा खुर्चीवरून उठले. "काढू नको अव्वा," ते लुंबिनीला कळवळून म्हणाले. "फोटो हाय."

"काका, आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो हाय," लुंबिनी म्हणाली. "त्याच्यापुढं आम्ही हात जोडतो. बाकीचे सगळे कागद हायेत."

तिनं पहिल्या घडाचा कागद मधोमध धरला आणि फाडला. गॉगल एकीकडं गेला, मिशा एकीकडं. आतून घड निघाला. हिरवट पिवळा, मणी सगळे सारखे, गुलाबी डाग औषधालाही नाही. ती थांबली नाही. पुढचा कागद, त्याच्या पुढचा. फाडायची आणि खाली टाकायची. मडिवाळप्पांनी आधी डोळे मिटून घेतले. मग एक उघडला. मृत्युंजय एकेक मणी दाबून बघत, चाखत, दुर्बिणीच्या काचेवर रस पिळून उजेडाकडं धरत मागोमाग चालले होते, खुशाल कागदांवरून. मीही चालले. पहिल्या पावलाला पाय जरा अवघडला, हे खोटं कशाला बोलू. दुसऱ्याला नाही.

ओळीच्या मध्यावर मृत्युंजयांनी दुर्बीण पुन्हा खिशाला लावली. "एक तारखेला तासगावला ये," ते म्हणाले. "येताना ही कात्री आण. हात बसलाय तिच्यावर." लुंबिनीनं मान हलवली आणि पुढचा कागद फाडला. तिचे डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात ऑफिसकडून आरडाओरडा करत रविकिरण सर धावत आले. फाटक ओलांडलं, विहीर ओलांडली, चिखलाची पर्वा केली नाही. ओळीच्या तोंडाशी मात्र येऊन थांबले. दोन ओळींमधली वाट एका माणसापुरती रुंद, आणि तिच्यावर शेवटपर्यंत अप्पा पसरलेले. पाय टाकायला जागा नव्हती. सरांनी एक पाय उचलला, खाली बघितलं, आणि मागं घेतला.

"थांब! थांब म्हणतो ना!" ते तिथूनच ओरडले.

लुंबिनी पुढं चालली होती. सर खाली वाकले. पहिला तुकडा उचलला, माती झटकली, बगलेत धरला. मग एक पाऊल पुढं. मग दुसरा तुकडा. तो झटकला, पहिल्याला लावला. असे वाकत, झटकत, वाट मोकळी करत ते पुढं सरकायला लागले आणि तोवर शेवटचा घड उघडा झाला होता.

लुंबिनी परत आली ती एक भरलेला घड तोडून, दोन्ही तळव्यांवर घेऊन. सरांपुढं उभी राहिली. तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, मी नीट ऐकलं.

"घ्या सर," ती म्हणाली. "आता गोड हायेत."

सरांनी घडाकडं बघितलं. मग स्वतःच्या हातांकडं बघितलं. दोन्ही हातांत, दोन्ही बगलांत अप्पा भरले होते. घड घ्यायचा तर अप्पा खाली टाकावे लागणार होते. ते तसेच उभे राहिले. लुंबिनीनं थोडा वेळ वाट बघितली आणि तो घड मडिवाळप्पांच्या हातात दिला.